पिवळं न झालेलं पाणी

कहकशां कॉलेजातून घरी यायला निघाली तेव्हा घाटंजीचा बाजार ऐन भरात होता. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, लसणाचे ढीग, भज्यांच्या कढया, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिच्या अब्बूंच्या दुकानासमोर माणसांचं कोंडाळं. आधी तिला वाटलं, कुणाची गाडी घसरली असेल. आत शिरली तर हवालदार दिसला. त्याच्या हातात पाठीवर बांधायचा फवारणीचा पंप होता, निळ्या टाकीचा.

"हा तुम्हीच दुरुस्त केलता ना, अय्यूबभाई?"

अय्यूबभाईंनी हातातला पान्हा खाली ठेवला. "मीच केलता. वायसर बदलला, नळी बदलली. सायखेडीच्या उकंडाचा पंप हाये हा. काहून, काय झालं?"

"उकंडा मेला ना जी परवा. फवारता फवारता वावरातच पडला. ठोंबरे शेठ म्हनते पंप गळत होता, सारं औषध पाठीवर सांडलं. जबाब घ्याचा हाये, चला जरा." हवालदार ओळखीतला होता. बोलताना तो अय्यूबभाईंकडे न बघता पंपाकडेच बघत होता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "याच्याकडं पंप द्याचा म्हणजे जीवच द्याचा आता."

कहकशांनं गर्रकन वळून पाहिलं. बोलणारा मान खाली घालून वांगी निवडायला लागला होता. हवालदारानं समजुतीनं सुचवलं, मागच्या गल्लीतून जाऊ, उगाच लोकांचा तमाशा नको. अय्यूबभाई तिकडे वळलेही. कहकशांनं त्यांचा दंड धरला. "बाजारातून चला, अब्बू. आपण कायले लपायचं?" आणि ती बापाला धरून भर बाजारातून, ओळखीच्या एकूणएक दुकानासमोरून, ताठ मानेनं चालत पोलिस ठाण्यापर्यंत गेली.

जबाब झाला, संध्याकाळी अय्यूबभाई घरी आले. जेवले नाहीत. अख्ख्या तालुक्याचे पंप त्यांच्या हातून गेले होते, आणि एका माणसाच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यानं तेच हात काळे झाले होते.

ते वर्षच तसं होतं. कपाशीची पऱ्हाटी कधी नव्हे ती माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं जो तो फवारत होता, आणि हात वर करून मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर उतरत होता. भादव्याच्या उन्हात माणसं वावरात पडत होती. मग जो तो आपापलं शहाणपण सांगे. मजूर तोंडाला फडकं बांधत नाहीत. मजूर दारू पितात. वारा उलटा होता. दोष काय तो मेलेल्याचाच. ठोंबऱ्यांनी त्यात पंप दुरुस्त करणाऱ्याची भर घातली. बियाणं, खत आणि औषधाचं घाटंजीतलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं. त्यांचा शब्द खाली पडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जया आली. उकंडाची बायको. शाळेत कहकशांच्या बाकावर बसायची, दहावीनंतर लग्न होऊन सायखेडीला गेली. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले, हातात कापडी पिशवी. अय्यूबभाई उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, ही आता शिव्या देणार.

"बसा चाचा," जया म्हणाली. "तुमचा पंप गळत नव्हता. मीच पानी भरून देत होती त्याच्यात. एक थेंब सांडत नव्हता. हे मी पोलिसाले बी सांगतलं. त्याहीनं लिवलंच नाई."

सुग्राबी, कहकशांची अम्मी, पाणी घेऊन आली. जयानं पेला हातातच धरून ठेवला.

"अन् त्या दिवशी औषध मारलंच नाई आमी. नुस्तं टॉनिक होतं. बोंडभार. ठोंबरे म्हनला, झाडपाल्याचं हाये, फुलगळ थांबते, अंगावर उडालं तरी काही होत नाई. म्हनून यानं तोंडाले फडकं बी बांधलं नाई. दुपारी म्हनते, जया, मले अंधारी येऊन राह्यली. मंग घाम, मंग तोंडातून नुस्तं पानी. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हनते टॉनिकनं कोनी मरत नाई, यानंच काही पेलं असन. कागदावर तेच आलं. विष पिऊन." जयानं पेला तसाच खाली ठेवला. "विष पिनारा मानूस सकाळी बायकोले म्हनते का वं, की रातच्याले सुकटीची चटनी कर?"

एकाच माणसाच्या मरणाच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. एकीत पंप गळत होता, दुसरीत त्यानं स्वतःच विष घेतलं होतं. आणि दोन्हींत बाटलीचं नाव नव्हतं.

जयानं पिशवीतून बाटली काढली. अर्धी उरलेली, लेबलावर हिरवं पान, आत पाण्यासारखं स्वच्छ द्रव.

"ठोंबऱ्याचा मानूस आलता सांत्वनाले. चहा पेला, अन् जाता जाता म्हनते, उरलेली बाटली दे, कंपनीले वापस द्याची हाये. मी म्हनलं, सापडून नाई राह्यली. ज्वारीच्या कोठीत घातली होती. तू मोठ्ठं शिकली कहकशां. मले एवढंच सांग, याच्यात काय हाये?"

कहकशांनं बाटली घेतली. आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पण आतलं जे काही आहे ते माणसाच्या शरीरात काय करतं, हे विचारायचं साधन तिच्याजवळ होतं. अख्ख्या तालुक्यात तिच्याचजवळ होतं.

घाटंजीच्या कॉलेजात ती कंत्राटावर रसायनशास्त्र शिकवायची आणि अमरावतीच्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. विषय होता स्मृतिभ्रंशाचा. पांढरकवड्याच्या बाजूच्या जंगलातल्या सालीमुळ्यांत त्यावर काही उतारा सापडतो का, हे ती शोधत होती. त्यासाठी तिला माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन लागत होतं, ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं. नाव लांबलचक, काम साधं. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो, 'आवळ'. स्नायू आवळला की हे प्रथिन तो हुकूम पुसून टाकतं, म्हणून स्नायू सैल पडतो. ते बंद पडलं तर हुकूम पुसलाच जात नाही. घाम, लाळ, अश्रू वाहत राहतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. किडे मारायची कितीतरी औषधं नेमकं हेच करतात, किड्यांच्या शरीरात.

हे प्रथिन मिळवायला कुणाचं रक्त काढावं लागत नाही. माणसाच्या शरीरातली त्याची कृती, म्हणजे जनुक, उचलून टाकीत वाढवलेल्या पेशींत घालतात. त्या पेशी माणसाचंच प्रथिन घडवत बसतात. मग ते गाळून, शुद्ध करून चिमूटभर पावडर एका बारक्या कुपीत भरतात. तिची कुपी परदेशातून हैदराबादला आणि तिथून बर्फात बसून घाटंजीला आली होती, सरांनी विद्यापीठात खेटे घातल्यावर. प्रयोगशाळेच्या फ्रीझरला इन्व्हर्टर मिळावा म्हणून ती स्वतः भांडली होती. वर्षभराचे प्रयोग त्या एका कुपीवर होते. कुपीवर इंग्रजीत छापलं होतं: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यास नाही.

प्राचार्य धोपटे त्याच ओळीवर बोट ठेवून बसले.

"वाचलंत ना मॅडम? फक्त संशोधनासाठी. पोलिस केस सोडवायला नाही."

"सर, बाटलीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. जे माहीत नाही ते शोधायचं, यालाच संशोधन म्हणतात."

"माणसांवर वापरण्यास नाही, हेही लिहिलंय."

"मी कुठे माणसावर वापरतेय? माणसावर जे वापरलं गेलं, ते तपासतेय."

धोपट्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस दुष्ट नव्हता. निवृत्तीला टेकला होता आणि त्याला शांतता हवी होती. "ठोंबरे आपल्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. तुमचं कंत्राट दरवर्षी त्या मंडळासमोर येतं. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. प्रयोगशाळेत ती बाटली आणायची नाही. हा माझा आदेश समजा."

"आदेश ऐकला सर," कहकशां म्हणाली. "बाटली आतच आहे. मी प्रयोग करते आहे आणि दार उघडं ठेवते आहे. कुणालाही येऊन बघू द्या."

आणि तिनं खरोखरच दार उघडं ठेवलं.

प्रयोग असा की त्या प्रथिनाला एक विशिष्ट खाद्य आणि सोबत एक रंगद्रव्य द्यायचं. प्रथिन जिवंत असलं, काम करत असलं, तर बघता बघता पाणी पिवळं होतं. तिनं आधी नुसत्या पाण्याबरोबर करून पाहिलं. परीक्षानळी लगेच पिवळी धमक झाली, तुरीच्या फुलासारखी. मग दुसऱ्या नळीत प्रथिनावर बोंडभारचा एक थेंब टाकला, भरपूर पाणी मिसळून पातळ केलेला. थोडा वेळ थांबली. खाद्य दिलं, रंगद्रव्य दिलं.

नळी तशीच राहिली. स्वच्छ. पाण्यासारखी.

तिला वाटलं, हातून काही चुकलं. तिनं परत केलं. थेंब आणखी पातळ केला, आणखी पातळ केला, इतका की त्याला बोंडभार म्हणायची लाज वाटावी. नळी पिवळी व्हायला तयार नव्हती. मग बाजारात मिळणारं दुसरं एक टॉनिक आणून तपासलं, तेव्हा रंग झटकन आला. म्हणजे प्रयोग बरोबर होता. बोंडभार माणसाच्या प्रथिनाला जागच्या जागी मारत होतं. झाडपाल्याच्या नावाखाली बाटलीत किडे मारायचं जालीम विष होतं.

एरवी रंग आला नाही की तिला आनंद व्हायचा; स्मृतिभ्रंशात हेच प्रथिन थोडं आवरायचं असतं, म्हणजे सालीत काहीतरी गुण आहे. आज ती त्या स्वच्छ नळीकडे पाहत राहिली आणि तिला उकंडा दिसला, हात वर करून फवारणारा, उघड्या तोंडाचा.

फोन वाजला. जया होती. मागे बायांची रडारड.

"संघदीप पडला वं! माहा भाऊ! त्यानं बी तेच मारलं, आज सकाळी. मी किती सांगतलं मारू नको. तो म्हने पोलिस तर म्हनते दाजी विष पिऊन मेला, टॉनिकचं काय त्यात! त्याच दवाखान्यात आनलं त्याले. डॉक्टरनं सलाईन लावली, म्हनते ताप डोक्यात गेला."

"मी आलीच."

तिनं दोन नळ्या स्टँडमध्ये घेतल्या, एक पिवळी, एक कोरी, आणि अय्यूबभाईंच्या स्कूटरवर मागे बसून ती हातात धरून दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या पंधरवड्यात त्याची झोप झालेली नव्हती.

"हे बघा," ती दम न खाता म्हणाली. "यात माणसाचंच प्रथिन आहे. ही नळी पाण्याची. ही बोंडभारची. ते टॉनिक नाहीच डॉक्टर. त्याचे डोळे बघा. बाहुली बघा."

"बाहुली बारीक आहे, ते मी पाहिलं," डॉक्टर म्हणाला. "पण हा बेशुद्ध व्हायच्या आधी शपथ घेऊन सांगत होता की औषध मारलंच नाही, फक्त सेंद्रिय टॉनिक. लेबलपण तेच सांगतं." त्यानं कोऱ्या नळीकडे परत एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "परवाचा तो माणूस..."

"तो राहू द्या. आधी याला वाचवा."

त्यानं टॉर्च घेतला, संघदीपच्या पापण्या उचलल्या, आणि नर्सला ओरडून ॲट्रोपिनचं, या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन मागवलं. एक दिलं, थोड्या वेळानं आणखी एक, मग आणखी. अंगावरचे कपडे कापून काढले, जयानं आणि तिच्या नणंदेनं साबणाच्या पाण्यानं त्याचं अंग धुतलं. छातीतली घरघर कमी झाली. ॲम्ब्युलन्स यवतमाळकडे निघाली तेव्हा डॉक्टर स्वतः आत चढून बसला. संघदीपला शुद्ध आली ती यवतमाळला, आणि पहिला प्रश्न त्यानं विचारला तो वावरात राहिलेल्या पंपाचा.

ही गोष्ट घाटंजीत पसरायला वेळ लागला नाही. सायखेडीच्या बायांनी घराघरांतून बोंडभारच्या बाटल्या गोळा करून ग्रामपंचायतीत आणून ठेवल्या. आणि वरून चौकशी आली. सोनटक्के नावाचे अधिकारी रेस्ट हाऊसवर बसले. ज्याला काही सांगायचं त्यानं यावं म्हणून दवंडी दिली.

कहकशां गेली तेव्हा तिच्या खांद्याला नळ्या, खाद्य आणि रंगद्रव्याची पिशवी होती आणि हातात थर्मास. त्यात गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ, आणि बर्फात ती कुपी, तळाशी उरलेल्या, पाण्यात विरघळवलेल्या प्रथिनासह. सकाळी सुग्राबीनं विचारलं होतं, "ये भी ख़र्च कर दिया तो तेरी डिग्री का क्या होगा?" तिनं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं होतं आणि ती निघाली होती.

रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. ठोंबरे पहिल्या खुर्चीवर, पांढऱ्या कडक कपड्यांत. शेजारी धोपटे सर. भिंतीला टेकून अय्यूबभाई, आणि खाली जमिनीवर जया सायखेडीच्या बायांसह.

ठोंबरे मऊ आवाजात बोलले. उकंडाचं फार वाईट झालं. पण अडाणी माणूस, जुनाट पंप, कामचलाऊ दुरुस्ती. आणि आता कुणी रंगीत पाण्याची जादू दाखवून सेंद्रिय मालाला बदनाम करत असेल, तर नुकसान शेतकऱ्याचंच आहे. "कोण्या मॅडमनं बाटलीत काय मिसळलं, आपल्याले काय माहीत साहेब!"

"बरोबर बोलले," कहकशां उठली. "माझ्या बाटलीवर विश्वास ठेवूच नका. साहेब, यांच्या दुकानातून बोंडभारची सीलबंद बाटली मागवा. तुमचा माणूस पाठवा. सील तुम्ही तोडा. नळ्यांत थेंबही तुम्हीच टाका, आणि कोणत्या नळीत काय टाकलं ते मला सांगू नका."

ठोंबऱ्यांच्या मांडीवरचा हात थांबला. "हे कोर्ट हाये का?"

"नाही," सोनटक्के म्हणाले. "पण बाटली आणायला काय हरकत आहे? तुमचाच माल आहे." त्यांनी शिपायाला पाठवलं.

धोपटे पुढे झाले. "साहेब, हे साहित्य आमच्या संस्थेचं आहे. संस्थेची परवानगी नाही."

"साहित्य विद्यापीठाच्या प्रकल्पाचं आहे," कहकशां म्हणाली, "आणि माझ्या प्रबंधासाठी दिलेलं आहे. आज ते संपेल. त्याचा जाब मी विद्यापीठाला देईन, सर. तुम्ही काळजी करू नका."

बाटली आली. कहकशांनं सगळ्या नळ्यांत प्रथिन घातलं, कुपी झटकून झटकून, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सोनटक्क्यांनी सील तोडलं. काही नळ्यांत नळाचं पाणी टाकलं, काहींत पाण्यात पातळ केलेलं बोंडभार; खूण म्हणून नळ्यांना आपल्याच वहीच्या चिठ्ठ्या लिहिलेली बाजू आत करून चिकटवल्या. मग थांबायचं होतं. बाहेर रस्त्यावरून सरकीचा ट्रक गेला, त्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. कहकशांच्या मनात एकच भीती होती. उन्हानं प्रथिन मेलं असेल तर एकही नळी पिवळी होणार नाही, आणि हा माणूस सगळ्यांसमोर हसेल.

ती वळली. प्रत्येक नळीत खाद्य आणि रंगद्रव्य टाकत गेली.

पहिली नळी पिवळी झाली. म्हणजे प्रथिन जिवंत होतं. दुसरी कोरीच. तिसरी कोरीच. पुढची पिवळी. ज्या पिवळ्या व्हायच्या त्या झाल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या. सोनटक्क्यांनी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. त्यांनी घसा खाकरला.

"ज्यात ज्यात मी बोंडभार टाकलं, त्यातली एकही पिवळी झाली नाही," ते म्हणाले.

"ही जादू हाये! रंगाचा खेळ हाये!" ठोंबरे उठून उभे राहिले. "या टेस्टले सरकारी मान्यता हाये का?"

"नाही," सोनटक्के म्हणाले. "मान्यता नाही. या नळ्यांवर मी काहीही लिहू शकत नाही."

व्हरांड्यातून कुजबुज उठली. तेवढ्यात जया जमिनीवरून उठली. पदर खोचला आणि सरळ टेबलापाशी आली.

"साहेब जी, मान्यता मले नाई समजत. मले एवढं समजते, की जे तुमाले या काचेत दिसलं, ते माह्या नवऱ्याच्या अंगात झालं. तुमच्या कागदावर तो विष पिऊन मेला. ठोंबरे शेठ म्हनते पंप गळून मेला. दोघं मिळून आधी एक गोष्ट ठरवा ना! मेल्या मानसाले किती खेप मारता? ही बाटली तुमी तोडली, तुमच्या हातानं. आता तुमी ही अशीच ठोंबऱ्याले वापस देऊन दाखवा. आमी सायखेडीच्या बाया इथून हालत नाई."

आणि ती टेबलासमोरच बसली. मागच्या बायाही सरकत सरकत पुढे येऊन बसल्या. अय्यूबभाई भिंतीपासून सुटले आणि त्यांच्या मागे, पुरुषांतून पहिले, मांडी घालून बसले. मग व्हरांडाच बसला.

सोनटक्क्यांनी ठोंबऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी लाख मागवली. बाटली, आणि ग्रामपंचायतीतल्या बाटल्याही, सगळ्यांसमोर सीलबंद केल्या, आणि जयाचा अंगठा नाही, सही घेतली. दहावी झालेली बाई होती ती.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला हिवाळा उजाडला. बोंडभारमध्ये लेबलावर नसलेलं कीटकनाशक होतं, आणि भरपूर होतं. ठोंबऱ्यांचा परवाना गेला. दुकानाला सील लागलं. खटला उभा राहिला आणि खटल्यांसारखा सरकत राहिला. उकंडाच्या कागदावरचे दोन शब्द बदलून घ्यायला जयानं तालुक्याला किती खेटे घातले ते तिचं तिलाच ठाऊक. पण ते बदलले. अय्यूबभाईंच्या दुकानात पंप पुन्हा यायला लागले. बाजारात ज्यानं टोमणा मारला होता तोही आपला पंप घेऊन आला, आणि अय्यूबभाईंनी तो नीट दुरुस्त करून दिला, फक्त त्या दिवशी त्याला चहा विचारला नाही.

कहकशांचं कंत्राट मात्र संपलं ते संपलंच. धोपटे सरांनी एकदा घरी निरोप पाठवला, मंडळासमोर दोन शब्द दिलगिरीचे बोला, पुढचं मी बघतो. तिनं उलट निरोप पाठवला की दिलगिरी कसली ते कळवावं. त्यानंतर निरोप आला नाही.

अमरावतीला सर रागावतील असं तिला वाटत होतं. त्यांनी आधी रिकामी कुपी हातात घेऊन उजेडात धरली.

"वर्ष गेलं तुझं," ते म्हणाले.

"हो सर."

"दुसरी कुपी मागवतो. वेळ लागेल. तोवर सालींचं जे झालं ते लिहून काढ."

"सर, मला विषय बदलायचा आहे." तिनं हे बसच्या सीटवर घोकत आणलं होतं. "बाजारात मिळणारी टॉनिकं, सगळी. कोणती माणसाच्या प्रथिनाला मारते ते तपासायचं. यवतमाळ जिल्ह्यापासून सुरुवात."

सरांनी कुपी बोटांत फिरवली. "स्मृतिभ्रंशावर काम केलंस तर उद्या परदेशात जाशील. यावर तुला कुणी बोलावणार नाही. कंपन्या अंगावर येतील. मार्गदर्शक म्हणून माझ्याही."

"मग दुसरे मार्गदर्शक शोधू का, सर?"

तिनं उद्धटपणानं विचारलं नव्हतं, पण माघारही घेतली नव्हती. सरांनी कुपी टेबलावर ठेवली आणि हसू आवरत कपाट उघडून विषय-बदलाचा कोरा अर्ज काढला.

"गप्प बस. पेन आण आधी."